मध्यंतराला पार्किंगमध्ये जाऊन बसणाऱ्यांस

पत्र:

ताई, मी सांगलीचा. वय ५४, औषधांचं दुकान आहे. सिनेमाचं वेड कॉलेजपासून. १९९१ पासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद वहीत आहे, सध्या सातवी वही चालू आहे. तारीख, थेटर, दहापैकी मार्क आणि दोन ओळी. मला खोटं बोलता येत नाही. ‘छावा’त आरडाओरडा फार आहे म्हणालो, तर दुकानाची दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. ‘दशावतार’ उत्तरार्धात घसरतो म्हणालो, तर मित्र म्हणाले, मराठी माणूसच मराठी सिनेमाचे पाय ओढतो. तेही चालवून घेतलं. पण गेल्या महिन्यात माझ्या साडूच्या मुलीला एका मराठी सिनेमात छोटी भूमिका मिळाली. घरचे एकवीस जण बघायला गेलो. नंतर आइस्क्रीम खाताना साडूनं सगळ्यांसमोर विचारलं, “काय परीक्षक, किती मार्क?” मी म्हणालो, “तीन. अर्धा तास कापला असता तर चार. आणि पोरगी पाठ करून आल्यासारखी बोलते.” (ती आईच्या हातातली पिशवी न बघता घेते आणि खुंटीला अडकवते, तेवढं मात्र फार बरं होतं.) तेव्हापासून साडू फोन उचलत नाही, मला घरच्या ग्रुपमधून काढलंय. भाची माझे मेसेज बघते, उत्तर देत नाही. बायको म्हणते, “तुमच्याबरोबर सिनेमा बघताना मला पडद्याऐवजी तुमच्याकडे बघावं लागतं.” तिला ‘बाईपण भारी देवा’ तीनदा बघायचा होता. दुसऱ्या खेपेला मी मध्यंतराला पार्किंगमध्ये जाऊन बसलो होतो, ते ती अजून काढते. आता सांगा, विचारल्यावर खरं बोलायचं की नाही?

— खरं बोलणारा, सांगली

उत्तर:

परीक्षकसाहेब,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा तुमच्या मिसेसच्या वाक्यापाशी थांबले. त्या वाक्याकडे येतेच, पण आधी एक कबुली देते. तुमची मतं मला बरीचशी पटतात, त्यामुळे हे उत्तर ‘गोड बोलायला शिका’ छापाचं होणार नाही.

‘छावा’चं आधी उरकते. महाराजांबद्दलचा आदर आणि सिनेमाबद्दलचं मत ही दोन वेगळी खाती आहेत. तुमच्या गिऱ्हाइकांनी एकातली रक्कम दुसऱ्यात वळती केली. विकी कौशलची मेहनत अंगावर दिसते, शेवटी शेवटी तर बघवत नाही. पण थेटरातून बाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात राहिला तो औरंगजेब झालेला अक्षय खन्ना. तो फारसा आवाज चढवतच नाही. आजूबाजूला सगळे ओरडत असताना एकच जण हळू बोलला, की प्रेक्षक आपोआप पुढे वाकून कान देतो. हे मी दुकानात उभं राहून म्हणाले असते तर माझीही गिऱ्हाइकं गेली असती. बरं झालं, मला दुकान नाही.

‘दशावतार’बद्दल मात्र थोडं भांडते. उत्तरार्ध घसरतो, मान्य. नट गप्प असतो तेव्हा मागचा वाद्यमेळ गप्प बसत नाही, आणि डोंगर, खाण, सूड हे सगळं एकदम अंगावर येतं. पण तुमच्या वहीतल्या त्या मार्कांत पूर्वार्धातला म्हातारा कुठे गेला? दिलीप प्रभावळकरांचा जन्म १९४४चा. ऐंशी ओलांडलेला हा नट कोकणातला दशावतारी बाबुली मेस्त्री होतो, ज्याची नजर अधू होत चालली आहे. रंगायला बसल्यावर त्याचे हात चेहऱ्यावरून फिरतात ते बघा. आरसा असला नसला तरी हातांना चेहरा पाठ आहे. डोळे जाताहेत हे तो कुठे डोळे बारीक करून सांगत नाही, हातांनी सांगतो. इतक्या वर्षांत प्रभावळकरांना आपण चिमणराव म्हणून पाहिलं, आबा म्हणून पाहिलं, गांधीजी म्हणून पाहिलं, आणि तरी इथे त्यातलं कुणीच आठवत नाही. ‘उत्तरार्ध घसरतो’ हे तुम्ही मित्रांना सांगितलंत. हातांचं सांगितलंत का? मला वाटतं, नसेल सांगितलं. तुम्ही ते पाहिलं असणार याची मला खात्री आहे. खात्री कशावरून, ते पुढे सांगते.

पाय ओढण्याचा आरोप तर मनावर घेऊच नका. तिकीट न काढता, कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर सिनेमा बघून जो नावं ठेवतो तो पाय ओढतो. तुम्ही पदरचे पैसे टाकून, आणि बहुतेक पहिल्याच आठवड्यात जाता. मराठी सिनेमाला तेच हवं असतं. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी होतात, आणि राहिलेला एकुलता एक शो सकाळी अकराला लागतो. तेव्हा ‘आपला सिनेमा आहे, चांगलं बोला’ म्हणणाऱ्यांना विचारा, कितव्या रांगेत होतात? कौतुक उधार देऊन सिनेमा चालत नाही. उलट दर महिन्याला एखाद्या सिनेमाला ‘मराठीतला मैलाचा दगड’ म्हणत गेलं, की लोक दगड मोजायचे सोडून देतात.

सप्टेंबर २०२५मध्ये ‘दशावतार’च्या पाठोपाठ आठवड्याभरानं ‘साबर बोंडं’ आला. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला त्याच वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं होतं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि लग्नाचं विचारून त्याला भंडावणारे नातेवाईक. त्यात आई झालेल्या जयश्री जगताप यांचं काम तुम्ही बघितलंत का? वहीत नसेल तर दोष तुमचा नाही, असे सिनेमे जिल्ह्याच्या गावाला पोचेपर्यंत उतरलेले असतात. नवऱ्याचं दुःख करायचं आणि त्याच वेळी चार बायकांसमोर मुलाची बाजू सांभाळायची, ही कसरत ती बाई बसल्या जागी करते. मार्क द्यायला गेलं तर तिथं द्यायला काही सापडत नाही, इतकं ते साधं आहे.

आता मुख्य खटल्याकडे. ‘पाठ करून आल्यासारखी बोलते.’

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे आणि स्वतः वापरलंही आहे. ते निकालाचं वाक्य आहे. खटला कुठे चालला ते कळत नाही. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ तुमच्या कितव्या वहीत आहे, पाहा. त्यात गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील आहे. न्यायालयात उभी राहून ती कायद्याची कलमं वाचून दाखवते, एका सुरात, न थांबता, श्वास पुरेल तिथवर. पाठ करून आल्यासारखीच बोलते ना? पण तीच बाई संध्याकाळी लोकलमध्ये शेजारणीशी गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, तेव्हा तिच्या बोलण्यात चढउतार येतात. मग कळतं, की कोर्टातला सपाटपणा त्या नटीचा नाही, त्या नोकरीचा आहे. एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न ती रेशनकार्डावरची नावं वाचावीत तसा वाचते, आणि ते भयंकर वाटतं. म्हणजे सपाट बोलणं हा एका भूमिकेत दोष असतो आणि दुसरीत तेच सगळं काम असतं. कुठलं कुठे, हे सांगता आलं तर ते मत. नाहीतर तो नुसता शेरा.

तुमच्या भाचीचं काम मी पाहिलेलं नाही. ते तुम्ही म्हणता तसं वाईट असेलही. पण दोन गोष्टी वहीत टिपून ठेवा. छोट्या भूमिकेतल्या नटाला पुष्कळदा संवाद त्याच दिवशी सकाळी हातात मिळतात, आणि समोरच्या मोठ्या नटाचं शूटिंग आधी उरकलेलं असतं. मग ही पोरगी बोलते कुणाशी? कॅमेऱ्याशेजारी उभ्या असलेल्या साहाय्यकाशी, जो समोरच्याची वाक्यं कागदावरून वाचून दाखवत असतो. दुसरी गोष्ट डबिंगची. सेटवरचा आवाज ठेवलेला नसेल, तर ती दोन-तीन महिन्यांनी एका बंद खोलीत माइकसमोर उभी राहते, पडद्यावर स्वतःचे ओठ बघते आणि त्यांच्यावर शब्द बसवते. शरीर तेव्हा खुंटीपाशी असतं, आवाज आता खोलीत असतो. सराईत नट ही फट बुजवतो, नवखी मुलगी ओठ गाठायच्या नादात अर्थ सोडते. तुम्हाला ऐकू आलं ते ‘पाठांतर’ बहुतेक याच फटीतून आलं असावं. हे जाणून घेतलं म्हणून काम चांगलं ठरत नाही. पण बोट पोरीकडे दाखवायचं की ध्वनीच्या टेबलाकडे, एवढं तरी ठरतं.

आणि आता तुमचा कंस.

साहेब, तुमच्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तुम्ही कंसात घातलंय. पोरगी आईच्या हातातली पिशवी न बघता घेते आणि खुंटीला अडकवते. न बघता! म्हणजे ते घर तिचं आहे, खुंटी कुठे आहे हे तिच्या हाताला माहीत आहे, आई रोज याच वेळेला येते, आणि पिशवी जड असते. हे सगळं एका हालचालीत. दिग्दर्शकानं सांगितलं असेल किंवा तिचं तिला सुचलं असेल, पण एकवीस जणांत ते दिसलं फक्त तुम्हाला. बाकीचे वीस ‘आपली पोरगी आली, आपली पोरगी आली’ म्हणून मोबाइल काढण्यात गुंतले असणार. ज्याला हे दिसतं त्याला प्रभावळकरांचे हात दिसले नसतील, असं मी मानायला तयार नाही. म्हणून तर मघाशी खात्रीनं बोलले.

तर तुमचा प्रश्न खरं बोलण्याचा नाहीच. दोन खरी वाक्यं तुमच्यापाशी होती. एक मोठ्यानं बोललात, दुसरं कंसात ठेवलंत.

हे मी वरून सांगत नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर उन्हाळ्यात महिनाभर चालणारा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम मी तरुणपणी केला, आणि केल्यावर वर्षभर असह्य झाले होते. नाव ‘रसास्वाद’, पण मी तिथून फक्त जीभ घेऊन आले, रस तिथेच राहिला. आमच्या फिल्म क्लबात तेव्हा एका मुलानं स्वतःची वीस मिनिटांची फिल्म दाखवली. नंतर चहा पिताना त्यानं मला विचारलं. मी म्हणाले, “यातली दहा मिनिटं नको होती.” ते बरोबर होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं. पण त्या फिल्ममध्ये एक जागा होती: पत्र्यावर पाऊस सुरू होतो आणि आतला म्हातारा रेडिओचा आवाज वाढवतो, पाऊस वाढतो, तो आणखी वाढवतो. मला ती इतकी आवडली होती, की घरी जाऊन आईला सांगितली. त्याला नाही सांगितली. तो मुलगा क्लबात परत आला नाही. माझ्यामुळेच आला नाही असं म्हणायला मला काही आधार नाही, पण रेडिओचं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

‘मग गोलगोल बोलायचं का?’ असं तुम्ही विचाराल. नको हो. नाटकाच्या पडद्यामागे जाऊन लोक जे बोलतात ते मला पाठ आहे. ‘वेगळा प्रयत्न आहे’ म्हणजे झोप आली. ‘तुझं काम छान झालं’ म्हणजे नाटक पडलं. ‘नेपथ्य काय सुंदर!’ म्हणजे बाकी काही विचारू नकोस. नटांनाही हा शब्दकोश पाठ असतो, त्यामुळे यात कुणी फसत नाही, फक्त चहा गार होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं त्या गावचे तुम्ही. तुम्हाला असलं बोलणं शोभणारही नाही.

मात्र वेळकाळ बघा. साडूनं ‘किती मार्क’ म्हणून डिवचलं, हे खरं. तरी बापाला त्या क्षणी परीक्षण नको होतं. पोरीचं नाव पडद्यावर आलेलं त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं, समोर बायकोकडची सगळी मंडळी बसली होती, आणि बिल बहुतेक तोच देणार होता. अशा वेळी तुम्ही “मार्क वही उघडल्याशिवाय देत नाही, पण ती पिशवीची जागा काय घेतलीय हिनं!” एवढं म्हणाला असता, तर ते शंभर टक्के खरं होतं. उरलेलं खरं पंधरा दिवस थांबलं असतं तर नासलं नसतं. औषधांच्या दुकानात बसता, प्रत्येक गोळी उपाशीपोटी द्यायची नसते हे मी तुम्हाला काय सांगू.

साडूचं काम सोपं आहे, त्याला तोंडावरच भेटा. फोन उचलत नाही तर जाऊन उभे राहा. सिनेमाबद्दलचं मत मागे घेऊ नका, तो विश्वास ठेवणार नाही. “चारचौघांत बोललो ते चुकलं” एवढंच म्हणा आणि चहा मागा. साडू-साडूंची भांडणं बायकांच्या आईसमोर फार दिवस टिकत नाहीत.

भाचीला मेसेज पाठवणं आता बंद करा. तिनं ते बघितलेत, म्हणजे त्यांत काय आहे ते तिला कळलंय. ‘सॉरी बेटा, पण काकांना खोटं बोलता येत नाही’ असलंच काहीतरी असणार. त्या ‘पण’मुळे सॉरी वाया जाते. त्यापेक्षा वहीतलं पान फाडा. (नका फाडू, मला कळतं. झेरॉक्स काढा.) तीन मार्क दिसू देत, लपवू नका, फक्त खाली पिशवीबद्दल चार ओळी नव्यानं लिहा. खुंटी, न बघणं, आई, जडपणा, सगळं. आणि तिला एक प्रश्न विचारा: ते तुझं तुला सुचलं का? नटाला असा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. ती उत्तर देईल. देईल तेव्हा मध्ये बोलू नका. डबिंगबद्दल तीच काहीतरी सांगेल असं मला वाटतं, तेव्हा हे सगळं माझ्याकडून आधीच ऐकलंय असं दाखवू नका.

आणि जमलं तर तिच्याबरोबर बसून छाया कदमची कामं बघा. ‘सैराट’मध्ये पळून आलेल्या पोरांना आसरा देणारी सुमनअक्का तीच. २०२४मध्ये ‘लापता लेडीज’मधली स्टेशनवर टपरी चालवणारी मंजूमाईही तीच, आणि त्याच वर्षी पायल कपाडियांच्या ज्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्राँ प्री पारितोषिक मिळालं, त्यात चाळीतून हुसकावली गेलेली, रत्नागिरीकडे परत निघालेली पार्वतीही तीच. तिन्ही सिनेमांत ती नायिका नाही. तिन्हींत ती जागा मात्र अशी धरते की बाकीच्यांना वळसा घालून जावं लागतं. छोटी भूमिका मिळालेल्या मुलीला यापेक्षा चांगली शिकवणी मी सांगू शकत नाही, आणि काकांनी शिकवल्यासारखंही वाटणार नाही.

राहिलं तुमच्या घरचं वाक्य. “तुमच्याबरोबर सिनेमा बघताना मला पडद्याऐवजी तुमच्याकडे बघावं लागतं.”

‘बाईपण भारी देवा’त सहा बहिणींचे प्रश्न मंगळागौरीच्या स्पर्धेत जरा जास्तच पटपट सुटतात, हे मलाही वाटलं होतं. तुम्ही त्याला चार दिले असतील, मी साडेपाच दिले असते. पण २०२३च्या त्या पावसाळ्यात मी तो दुपारच्या शोला पाहिला. पुढच्या रांगेत भिशीच्या दहा-बारा जणी होत्या. त्यांतली एक काकू पडद्यावर वंदना गुप्ते काही बोलल्या की शेजारणीच्या मांडीवर चापट मारायची. दर वेळी. मध्यंतरानंतर तर ती आधीच हात उचलून तयार असायची. तो सिनेमा निम्मा पडद्यावर होता आणि निम्मा त्या रांगेत. तुम्ही पार्किंगमध्ये होतात, तुमचा निम्मा बुडाला. तुमच्या मिसेसचा तर पहिला निम्माही बुडाला. मध्यंतराआधी त्या तुमचा चेहरा बघत होत्या, हसायची परवानगी आहे का ते.

आणि तरी त्यांना तो तिसऱ्यांदा बघायचा होता. का, हे विचारलंत कधी? माझा अंदाज सांगते, चुकीचा असेलही: त्यांना एकदा तो बहिणीबरोबर बघायचा असेल. म्हणजे साडूच्या बायकोबरोबर. आता या भांडणानंतर तेही अवघड झालंय.

सातव्या वहीत एक रकाना वाढवा. तारीख, थेटर, मार्क, तुमच्या दोन ओळी, आणि त्याआधी तिच्या दोन ओळी. आधी, कारण तुमचं ऐकल्यावर ती स्वतःचं बोलणार नाही, इतक्या वर्षांची सवय आहे. थेटरातून घरी येईपर्यंत स्कूटरवर तुम्ही गप्प. तिनं ‘गाणं आवडलं’ म्हटलं तर गाणं लिहा. ‘तिची साडी आवडली’ म्हटलं तर साडी लिहा, आणि कुठल्या प्रसंगातली तेही विचारा. २०२५च्या मार्चमध्ये आलेला जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ तिच्याबरोबर पुन्हा बघा. विदर्भातल्या डोंगरगावच्या, कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या लोकांना घेऊन केलेला सिनेमा आहे. तुमच्या वहीत त्याला आठ तरी असणार. मुलगी बघायला पाहुणे येतात, तेच प्रश्न, तीच उंची, तेच पोहे, आणि पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच. तुम्हाला त्यातली रचना आवडली असेल. ती पाटावर बसवलेल्या पोरीकडे बघून काय म्हणते, ते ऐका. हा प्रसंग तुम्ही पाहुण्यांच्या बाजूनं बघितलाय, तिनं पाटावरून.

आणि मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहा. रांग मोठी असते, गाडी कुठे जात नाही.

तुमची,
ताई